बाहेर पडायला निमित्त

मालमत्तेच्या कागदावर 'मौजा सक्करदरा' असं वाचलं की आजच्या नागपूरकराला ते मागच्या काळातलं चुकून राहून गेल्यासारखं वाटतं. चौक आहे, उड्डाणपूल आहे, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, तलाव आहे. मौजा कुठं दिसत नाही. बुधवारी बाजार भरतो तेव्हा मात्र तो दिसायला लागतो. उमरेड रोडवरच्या गावांतल्या बाया पालेभाजीच्या जुड्या, सांभार, हिरव्या मिरच्या मांडून बसतात. गिऱ्हाईक नसलं की त्यांचं आपसात जे बोलणं चालतं, त्यात भाजीचा भाव थोडा. गटाचा हप्ता, ग्रामसंघाची मीटिंग, कोणाचं कर्ज कुठल्या बँकेत अडलं, हेच जास्त. ग्रामीण स्त्रियांच्या संघटनांवर शहराच्या पोटातल्या वस्तीत बसून का लिहावं, असं कोणी विचारलं तर माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे की खेड्यातली बाई आणि तिची संघटना, दोन्ही या रस्त्यानं निदान शंभर वर्षं नागपुरात येत आल्या आहेत.

या विषयावर जे छापील सापडतं ते बहुतेक संस्थांच्या अहवालांत. अहवालाची सुरुवात संस्थापकाच्या फोटोनं होते, नाही तर योजनेच्या नावानं. अमक्या साली तमक्यांनी महिलांना संघटित केलं. त्या वाक्याचा कर्ता बाई क्वचितच असते. मला हे कधी पटलं नाही, आणि पुढची प्रकरणं त्या नापसंतीतूनच लिहिली आहेत. एकत्र येण्याची अक्कल गावातल्या बायांना बाहेरून आणून द्यावी लागली नव्हती. त्यांना हवं होतं ते घराबाहेर पडायला पटण्याजोगं कारण. सासूला सांगता येईल, नवऱ्याला नाकारता येणार नाही आणि गावच्या पुढाऱ्यांच्या डोळ्यांत खुपणार नाही, असं निमित्त. हळदीकुंकू, भुलाबाईची गाणी, भजन, शिवणवर्ग, बालवाडी, बचत. दर पिढीला वेगळं मिळालं. देणाऱ्याचा हेतू एक असायचा आणि बाया तिथं जमून दुसरंच काही करायच्या. मला त्या दुसऱ्या गोष्टीचा माग काढायचा आहे.

सगळ्यात जुनी संघटना कोणती, तर माझ्या मते रोवणीची टोळी. कुही-मौद्यापासून पुढं भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपर्यंत धानाचा मुलूख आहे. पाऊस लागून बांध्या भरल्या की रोवणी थोड्या आठवड्यांत उरकावी लागते. पऱ्हे कोणासाठी थांबत नाहीत. मालकाला एकेक बाई शोधत हिंडायला वेळ नसतो, तो टोळीशी बोलतो. टोळीत वयानं मोठी, तोंडानं खमकी अशी एक बाई असते. एकराचा भाव ती ठरवते. जाण्यायेण्याची गाडी कोणाकडं, हेही तीच. नुकती बाळंत झालेली सून यंदा येईल का, आली तर लेकराकडं बांधावर कोण बसेल, त्याचाही निवाडा तिच्याकडं. गुत्त्याचे पैसे हातात आले की वाटणी सारखी. जिचा हात हळू चालतो त्या म्हातारीलाही सारखीच, कारण आपलाही हात एक दिवस हळू होणार हे प्रत्येकीला ठाऊक असतं. या टोळीची नोंदणी नाही, ठरावाची वही नाही, शिक्का नाही. पण सभासद कोण, पुढारी कोण, भाव कसा वाढवून घ्यायचा, आजारी पडलीला कसं सांभाळून घ्यायचं, संघटनेला लागतं ते सगळं तिथं आहे. भिवापूरकडच्या मिरचीच्या सातऱ्यांवर हीच तऱ्हा. दिवसभर देठ खुडायचे, किलोवर मजुरी घ्यायची, खोकत घरी यायचं. पण जायचं ते आपल्या जोडीनं, आपल्या घोळक्यानं. बचत गटाच्या प्रशिक्षणात 'नेतृत्वगुण' शिकवायला शहरातून कोणी मॅडम येतात, तेव्हा समोरच्या सतरंजीवर बसलेल्या कितीतरी जणींनी ती परीक्षा गुडघाभर चिखलात आधीच दिलेली असते.

टोळीची मर्यादाही सांगायला हवी. ती बहुतेक एका मोहल्ल्याची असते, म्हणून बहुतेक एका जातीची. ही गोष्ट पुढं जवळजवळ प्रत्येक संघटनेत आडवी येते.

देशोदेशीच्या इतिहासात सुरुवात दुसरीकडून धरतात. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात स्टोनी क्रीक या गावी 1897 साली शेतकऱ्यांच्या घरांतल्या बायकांची पहिली 'विमेन्स इन्स्टिट्यूट' निघाली. तिच्यामागं अ‍ॅडलेड हूडलेस होत्या. त्यांचं तान्हं मूल दूषित दुधानं गेलं होतं, आणि घर चालवण्याचं शास्त्र मुलींना शिकवलं पाहिजे हा ध्यास त्यांनी घेतला होता. 1915मध्ये हे लोण वेल्सला पोचलं आणि तिथून इंग्लंडभर पसरलं. आपल्याकडं बंगालमध्ये सरोजनलिनी दत्त यांनी 1913 साली पाबन्याला महिला समिती काढली. त्या एका आयसीएस अधिकाऱ्याच्या पत्नी होत्या. 1925 साली त्या गेल्या, आणि त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या संस्थेनं अशा समित्या खेडोपाडी नेल्या. मूल, दूध, शिवण, स्वच्छता. निमित्तं सगळीकडं सारखीच दिसतात.

आमच्याकडं मात्र त्याआधीचा प्रश्न सुटलेला नव्हता. बाया एका पंगतीला बसणार की नाही?

जाईबाई चौधरी 1892 साली उमरेडला जन्मल्या. दुष्काळात घरदार उठून नागपूरला आलं. कोवळ्या वयात लग्न झालं. पोटासाठी त्यांनी हमाली केली, कामठी-नागपूर अशी डोक्यावरून ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंच्या मदतीनं शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि शिक्षिका महार आहे हे कळल्यावर लोकांनी केलेल्या ओरड्यात ती नोकरी गेली. मग 1922 साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी स्वतःची शाळा काढली, संत चोखामेळ्याच्या नावानं. डिसेंबर 1937मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपूरला भरलं. देशभरच्या शिकल्यासवरल्या, पुढारलेल्या बायकांची ही परिषद. तिथं जेवणाच्या वेळी जाईबाईंची पंगत वेगळी मांडली गेली. दलित स्त्रियांनी 1 जानेवारी 1938 रोजी आपली सभा बोलावून त्याचा निषेध केला. 'स्त्रिया' म्हणून एक गट गृहीत धरून लिहिणाऱ्यांनी या जेवणाची आठवण ठेवावी.

त्यानंतर साडेचार वर्षांनी, 20 जुलै 1942 रोजी, नागपूरच्या मोहन पार्कात दलित वर्गातल्या स्त्रियांची अखिल भारतीय परिषद झाली. त्याच दिवसांत तिथं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची घोषणा झाली, बाबासाहेब आंबेडकर हजर होते, म्हणून इतिहासाची पुस्तकं त्या आठवड्याची दखल घेतात. स्त्रियांच्या परिषदेच्या अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बायांची संख्या 25 हजारांच्या घरात असल्याचं सांगितलं जातं. ठराव वाचण्यासारखे आहेत. काडीमोडाचा कायदेशीर हक्क पाहिजे. एका पुरुषानं अनेक बायका करण्याला बंदी पाहिजे. गिरण्या, विडी कारखाने, रेल्वे इथं राबणाऱ्या बायांना रजा आणि भरपाई पाहिजे. कायदेमंडळात राखीव जागा पाहिजेत. 1942 सालच्या कुठल्याही संघटनेच्या कार्यक्रमाशी ही यादी ताडून पाहावी.

मला त्यात तारखेचं अप्रूप वाटतं. 20 जुलै. धानाच्या मुलखात हे रोवणीचे दिवस, वर्षातले हाताला हमखास काम असलेले मोजके दिवस. त्या भागातून ज्या मजूर बाया आल्या असतील त्यांनी रोज बुडवूनच नागपूर गाठलं असणार. हे कुठल्या अहवालात नाही, पंचांगात आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (1989) या पुस्तकासाठी घरोघरी जाऊन या पिढीच्या बायांशी बोलून ठेवलं नसतं, तर आपल्या हाती ठरावांचा कागद उरला असता आणि माणसं गेली असती.

त्याच काळात वर्ध्याला दोन अगदी वेगळ्या तऱ्हांची कामं उभी राहिली. 1936च्या दसऱ्याला लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. तिचा पाया नोकरदार, मध्यमवर्गीय घरांत आणि गावापेक्षा शहरात जास्त. दुसरीकडं सेवाग्रामच्या प्रभावातलं काम. फेब्रुवारी 1944मध्ये कस्तुरबा गेल्या आणि त्यांच्या नावानं जमलेला निधी खेड्यातल्या बायामुलांसाठीच खर्च व्हावा असा गांधीजींचा आग्रह राहिला. त्यातून ग्रामसेविका तयार करण्याचं काम सुरू झालं. महाराष्ट्रात सासवडला प्रेमाबाई कंटकांनी ते वर्षानुवर्षं चालवलं. एकटी, पगारी, सायकलवरून किंवा पायी गावोगाव हिंडणारी बाई गावानं पहिल्यांदा पाहिली ती या रूपात. तिनं काय शिकवलं यापेक्षा ती एकटी आली आणि धड परत गेली, याचाच गावातल्या मुलींवर जास्त परिणाम झाला असेल असं मला वाटतं.

स्वातंत्र्यानंतर निमित्त सरकारनं दिलं. 2 ऑक्टोबर 1952ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, पुढल्या वर्षी दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ आलं, आणि 'महिला मंडळ' हा शब्द तालुक्याच्या कागदपत्रांत रुळला. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं. मंडळ म्हणजे काय, तर एक शिलाई मशीन, एक बालवाडी, दुधाची भुकटी, वर्षातून एकदा पाककलेची स्पर्धा. अध्यक्ष पाटलीणबाई किंवा सरपंचाची बायको. मशीन तिच्याच ओसरीवर, कापडानं झाकलेलं. बौद्ध मोहल्ल्यातली बाई तिथं पाय ठेवायला दहा वेळा विचार करायची, आणि मजुरी करणारीला दुपारी तीनची वेळच जमण्यासारखी नव्हती. या मंडळांची जी टिंगल झाली ती बरीचशी रास्त होती. तरी बालवाडीच्या शिक्षिकेला मिळणारं मानधन, ते कितीही तुटपुंजं असो, कित्येक घरांत बाईच्या नावावर आलेला पहिला पैसा होतं. आणि तालुक्याला मीटिंगला जायचं म्हणजे एसटीत बसायचं, एकटीनं.

दुसरं निमित्त भजनाचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांनी खंजिरी आणि सामुदायिक प्रार्थना विदर्भाच्या गावोगाव नेली. 1955च्या 'ग्रामगीते'त महिलोन्नतीला स्वतंत्र अध्याय आहे. त्यातला उपदेश आजच्या वाचकाला जुना वाटेल. मला तेवढं खटकत नाही. चौकातल्या प्रार्थनेला बाया पुरुषांइतक्याच हक्कानं येऊन बसल्या, आणि दारूविरुद्ध गावात बोलायला एक धार्मिक आडोसा मिळाला, हा हिशेब मी धरते. सक्करदऱ्याला तरी हे नवं वाटू नये. सूफी संत ताजुद्दीनबाबांना 1908 साली राजे रघुजीराव भोसल्यांनी इथल्या आपल्या वाड्यात आणून ठेवलं, आणि त्यांच्या दर्शनाला सगळ्या धर्मांची माणसं लोटायची. दर्शनाला निघालेल्या बाईला कोण अडवणार?

1970 नंतरचा काळ मी इथं भराभर उरकते, कारण त्यावर पुढं पुष्कळ पानं आहेत. 1975 हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी 24 फेब्रुवारीला महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं 'माविम', स्थापन झालं. नोव्हेंबर 1986मध्ये शेतकरी संघटनेनं नाशिक जिल्ह्यात चांदवडला महिला अधिवेशन भरवलं. कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसणाऱ्या बाया तिथं पहिल्यांदा स्वतःविषयी बोलल्या. त्यातून निघालेली लक्ष्मीमुक्ती ही माझ्या लेखी त्या दशकातली सगळ्यात धाडसी कल्पना. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करतील त्या गावी संघटनेचे नेते शरद जोशी स्वतः यायचे. मोर्चाला बाया आणणं सोपं असतं. सातबाऱ्यावर बाईचं नाव चढवायला पुरुषाला तलाठ्यापुढं उभं राहावं लागतं, आणि त्याच्या भावांच्या नजरा झेलाव्या लागतात.

मग दारू. वर्धा जिल्हा कागदोपत्री आधीच कोरडा होता, गडचिरोलीत 1993 साली बंदी आली. चंद्रपूरच्या बायांनी त्यासाठी वर्षानुवर्षं धरणं धरलं. पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गारच्या झेंड्याखाली डिसेंबर 2010मध्ये चिमूरहून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर बाया पायी चालत आल्या. 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपुरात बंदी लागू झाली आणि 2021मध्ये सरकारनं ती उठवली. बंदीचा उपयोग किती, चोरटी दारू किती वाढली, यावर वाद घालावा, मीही घालते. पण दारूचं दुकान बंद करण्यासाठी होणाऱ्या 'आडव्या बाटली'च्या मतदानात गावातल्या एकूण मतदार बायांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. केंद्रावर न आलेली बाईसुद्धा दारूच्या बाजूनं धरली जाते. एवढी कडक अट आमदाराच्या निवडणुकीला लावून पाहावी.

आता बचत गट. 1992 साली नाबार्डनं देशभरात 500 गट बँकांना जोडण्याचा प्रयोग केला. 1994 पासून महाराष्ट्र ग्रामीण पतपुरवठा प्रकल्पातून माविमनं गट बांधले. 2011 साली राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे 'उमेद', आलं. गटात दहा ते वीस बाया. वीसच का, याचं उत्तर जुन्या कंपनी कायद्यात आहे, त्याहून मोठ्या जमावाला व्यवहार करायचा तर नोंदणी लागायची. पंचसूत्री सगळ्यांना पाठ: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब.

गटाची वही एकदा हातात घेऊन पाहावी. डावीकडं नावं, पुढं महिन्यांचे रकाने, प्रत्येकीची वीस-तीस-पन्नास रुपयांची बचत. कर्जाच्या पानावर कारण लिहिलेलं असतं: बियाणं, दवाखाना, लेकीची फी, शेळी. 'शेळी' पुष्कळदा खरी नसते, कारण माहेरच्या अडचणीला पैसे पाहिजे असं वहीत लिहिता येत नाही. बाकीच्या अकरा जणींना ते माहीत असतं आणि त्या मान हलवतात. व्याज महिना शेकडा दोन, सावकारापेक्षा बरंच कमी. शेवटी ठराव, सूचक, अनुमोदक, सह्या. रात्री आठला जेवणं उरकून बाई निघाली आणि ओसरीवरून कोणी हटकलं तर उत्तर एकच, "मीटिंग हाये गटाची." त्यावर प्रतिप्रश्न नसतो, कारण कर्ज घरातल्या सगळ्यांना हवं असतं. पाहुणे, योजना आणि बँक ज्याला बचत म्हणतात त्याच्या आडून बाईनं मिळवलेला हा तास आहे. 'उमेद'मध्ये तर वर्धिनी म्हणून काही बाया दुसऱ्या तालुक्यात, परक्या गावात मुक्कामाला जाऊन नवे गट बांधतात. ज्या घरांत सुनेला माहेरी पाठवतानाही दिवस मोजले जात, त्या घरांतून.

या चित्राला काळी बाजू आहे आणि ती उमेदीच्या पुस्तिकांत नसते. मायक्रोफायनान्स कंपन्यांनी हाच गट उचलला आणि त्याचा जामीन करून टाकला. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. वसुलीवाला दारात बसायचा, आणि त्याच्याबरोबर शेजारणींनाही बसावं लागायचं. नोव्हेंबर 2016च्या नोटबंदीनंतर मजुरी आटली तेव्हा विदर्भात ठिकठिकाणी बाया या कर्जांविरुद्ध मोर्चे घेऊन निघाल्या. वसुलीसाठी बांधलेल्या गटांनीच हप्ता द्यायला नकार दिला. काही राजकीय मंडळी त्यावर स्वार झाली, कर्जमाफीची खोटी आशा दाखवून फॉर्म भरून घेणारेही निघाले, आणि पुष्कळ जणींची पत त्यात गेली. हे प्रकरण लिहिणं मला सगळ्यात जड गेलं, कारण त्यात कोणाचंच वागणं सरळ नाही.

ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिना 1,500 रुपये थेट बाईच्या खात्यात जमा होऊ लागले. त्याला नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. खात्यावर स्वतःचे पैसे असणं काय असतं, हे ज्यांच्या खात्यावर ते नेहमीच होते त्यांना समजायचं नाही. पण या पैशाला बैठक लागत नाही. फॉर्मसाठी एकदा अंगणवाडीत, केवायसीसाठी एकदा सेतू केंद्रात, की झालं. गटाच्या मीटिंगला जायचं कारण उद्या घरच्यांनी काढून घेतलं, 'पैसे तर घरबसल्या येतात' असं म्हणून, तर बाया कोणतं नवं निमित्त शोधतील ते मला सांगता येत नाही. शोधतील एवढं खरं.

राहिली एक विनंती. जुन्या महिला मंडळांच्या, बंद पडलेल्या गटांच्या वह्या कुठं पंचायतीच्या कपाटात, कुठं माजी सचिवाच्या घरी धान्याच्या कोठीमागं पडून आहेत. गट मोडला की वही रद्दीत जाते, पासबुक तेवढं राहतं. आपल्या गावात अशी वही असेल तर ती आधी ताब्यात घ्या, पानं मोजा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि कर्जाच्या रकान्यातली कारणं वाचताना ज्या बाईनं ती लिहिली तिला शेजारी बसवा, नाही तर सगळ्या शेळ्या खऱ्या वाटतील.